इफुगाओच्या कोठाराचा राखणदार

मी बोलतोय, पण जरा लांबूनच ऐका. जवळ येऊन उचलून बघणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

मी बुलुल. फिलिपाइन्समधल्या इफुगाओ या डोंगराळ प्रांतात भाताचं कोठार राखणारा लाकडी देव. सुगीला मला तांदळाची दारू पाजत, डुकराचं रक्त माखत. वर चुलीचा धूर. त्या थरांनी मी पिढ्यान्‌पिढ्या काळाकुळकुळीत होत गेलो. घरचे मला त्या रंगावरूनच ओळखत.

स्पॅनिश शिपाई आले, गावं जाळून गेले. अमेरिकनांनी शाळा काढल्या. जपानी फौज डोंगरात लपली आणि आमचं भात फस्त करून गेली. मग गोड हसत दलाल आले, आणि शेजारच्या कोठारांतले देव परदेशी दिवाणखान्यांत जाऊन बसले. तेव्हापासून कुणी हसलं की मला सौदाच दिसतो.

म्हणून घरच्यांनी मला नर्स असलेल्या लेकीबरोबर, मेरिसाबरोबर, सिडनीला धाडलं. तिथल्या क्वेकर्स हिल उपनगरात ती पुण्याच्या हेमचंद्र आणि शैला यांच्या घरामागच्या छोट्या जोडघरात, ग्रॅनी फ्लॅटमध्ये, भाड्यानं राहायची. कोरोनात तिला हॉटेलात क्वारंटाइन व्हावं लागलं. जाताना तिनं मला शैलाच्या दारात ठेवलं.

"याला तांदळात ठेवशील, प्लीज?"

"नो वरीज!" शैला हसली. हसली म्हणजे विकणार, मी मनात म्हटलं.

"हात नको लावूस," हेमचंद्र ओरडला. "हॉस्पिटलवाल्या बाईचं आहे. करणीबिरणी असली तर?"

"काहीतरीच तुझं! देव आहे तो. छान अंघोळ घालते."

पितळेचे देव घासावेत तसं तिनं मला गरम पाण्यात, साबण लावून, खसाखसा घासलं. सिंकमधून काळं पाणी वाहत राहिलं. "किती हा मळ!" ती हळहळली. मग माहेरहून आणलेल्या अन्नपूर्णेशेजारी मला तांदळात बसवून तिनं निरांजन लावलं. मी रोज गिऱ्हाइकाची वाट पाहिली. कुणीच आलं नाही.

मेरिसा परतली. मला हातात घेऊन उलटसुलट करून बघू लागली.

"सुंदर दिसतोय ना?" शैलानं विचारलं.

"हो. थँक्यू."

फ्लॅटमध्ये जाऊन तिनं मला व्हिडिओ कॉलवर बापासमोर धरलं. म्हातारा कॅमेऱ्याजवळ सरकला.

"हा आपला नव्हे. त्या बाईनं बदलून दिला तुला."

"मलाही तेच वाटलं," मेरिसा म्हणाली आणि तिनं शैलाच्या घराकडच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला.

आता ती सामान बांधते आहे. शैला खिडकीतून हात हलवते, ही बघत नाही. मी जिवाच्या आकांतानं ओरडतोय, अगं, मीच तो! शैला चोर नाही! जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला, आणि आज एकीची खात्री द्यायची तर माझा आवाज कुणाला ऐकू जात नाही.

तुम्ही तरी ऐकलंत ना? मग उभे काय राहिलात? खोकी गाडीत चढायच्या आत तिला सांगा.