मासा म्हणाले, तिथंच चुकलं

आमच्या साताऱ्याला समुद्र नाही, तरी कॉलेजात शार्कच्या पिल्लांवर संशोधन चालतं, हे मी पाहुण्यांना मुद्दाम सांगते. संशोधन खरं कडेगावच्या समीक्षाचं; मी तिची मार्गदर्शक, म्हणजे ओरडायला.

मुशीच्या, म्हणजे छोट्या शार्कच्या, अंगभर कातडीवर बारीक दात असतात. अंड्यातलं बोटाएवढं पिल्लू समीक्षा रंगात भिजवते. दात घडवणारं जनुक जागं झालेल्या जागी जांभळा ठिपका उमटतो. मग पिल्लू मेणात बसवून यंत्रावर त्याचे केसाहून पातळ काप काढायचे. अशी तीनच पिल्लं होती. पहिलं बोथट पात्यानं फाटलं.

वस्तऱ्यांना धार लावणाऱ्या इलाहीभाईंकडे मी ते पातं नेलं. "काय कापायचंय?" त्यांनी विचारलं.

"मासा," मी ठसक्यात म्हणाले.

दुसरं पिल्लू आणखी वाईट फाटलं. समीक्षा रडकुंडीला आली. तिसरं गेलं तर अंडी थेट पुढच्या वर्षी, आणि प्रबंधही. मी तावातावानं भाईंना प्रयोगशाळेत घेऊन आले. त्यांनी मेणाचा ठोकळा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"आवं मॅडम, मासा म्हनालात म्हनून मासळीवाल्याची खरबरीत धार दिली. ह्ये तर मेन हाय!"

चूक माझी होती. आयुष्यात पहिल्यांदा मी तसं कबूल केलं.

भाई तासभर पातं चामड्याच्या पट्ट्यावर फिरवत राहिले. मनगटावरचा एक केस उडवून बघितला, मान हलवली, पुन्हा घासलं. एवढी माया मी कुणाला पोलादावर करताना पाहिली नव्हती. शेवटी समीक्षानं तिसरं पिल्लू लावून यंत्राचं चाक फिरवलं. कापाला काप चिकटून अखंड फीत सुटत गेली. कुणाचं कौतुक न करणारी मी मोठ्यांदा "वा!" म्हणाले.

भाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. कातडीच्या पेशी शिस्तीत उभ्या, आणि मधे अंतराअंतरावर जांभळे ठिपके. ते दातांचे, मी सांगितलं.

"दात कुठं हाईत?"

"आजून उगवलं न्हाईत, भाई," समीक्षा म्हणाली. "नुसतं दात घडवणारं जनुक जागं झालंय."

भाईंनी पुन्हा डोळा लावला. "म्हंजी ऑर्डर निघालीया, मानूस आजून रुजू झाला न्हाई."

जनुक जागं होणं म्हणजे काय, ते एका वाक्यात लिही, असं मी समीक्षाला चार महिने सांगत होते. मला स्वतःलाही ते जमलं नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"लिही," मी म्हणाले. "शब्द बदलू नकोस."