सुटलेला कोपरा

अर्नाळ्याच्या रंभाला सुक्या बोंबलांचं पाकीट काही नीट बंद करता येत नव्हतं, असं सगळे समजत होते. खरं तर ती पहिल्याच शनिवारी शिकली होती. पण हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

मुंबईच्या एका विद्यापीठाने गावातल्या सुकी मासळी विकणाऱ्या बायकांना पाकिटं बंद करायच्या मशीन दिल्या होत्या. शिकवायला दर शनिवारी जूचंद्रची रोशनी यायची, त्याच विद्यापीठात शिकणारी. बाई शिकली की तिच्या नावापुढे खूण करायची आणि तिच्याकडे जाणं बंद, असा नियम. बाकीच्या बायका दोन शनिवारांत मोकळ्या झाल्या. रंभाचा नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा परदेशी बोटीवर. आठवडाभर तिच्याशी बोलायला मांजरांखेरीज कुणी नसे, आणि मांजरांचं सगळं लक्ष बोंबलांवर. म्हणून पाकीट चिकटून मशीनचा दिवा विझायच्या आतच ती मुद्दाम दांडी उचलायची. पाकिटाचा कोपरा सुटायचा.

"परत चुकलं गो बाय," असं ती हळहळून म्हणायची. रोशनी हसून पुन्हा पहिल्यापासून सांगायची, मग तिथंच जेवायची, घरच्या गोष्टी काढायची. असे सात शनिवार रंभाच्या पदरात पडले.

आठव्या शनिवारी रोशनी ताटावर बसेना. डोळे सुजलेले.

"विद्यापीठातले सर आज येतायत. म्हणाले, एक बाई दोन महिन्यांत शिकत नाही, म्हणजे शिकवणारीतच खोट आहे. मला या कामावरून काढून टाकतील, मावशी."

एवढ्याशा सोबतीसाठी आपण पोरीच्या मुळावर उठलो, याची रंभाला भारी लाज वाटली.

सर आले. रंभा मशीनपुढे बसली. दिवा विझेपर्यंत तिने दांडी दाबून धरली, वर दोन अंक मोजले. एकामागून एक वीस पाकिटं झाली. एकही कोपरा सुटला नाही. सरांनी खूश होऊन तिच्या नावापुढे खूण केली. रोशनी मात्र तिच्या हातांकडे बघत राहिली.

निघताना ती मागे वळली. "मावशी, तुला पहिल्यापासून येत होतं ना?"

"आजच हात बसला," रंभा म्हणाली. "पन पाकीट सुटलं कधी, त येशील ना गो?"

रोशनीने तिला मिठी मारली. "तुझं पाकीट कशाला सुटेल?"

ते खरंच होतं. शिमग्यापर्यंत रंभाची पाकिटं पार पुण्याला पोचली. एकही सुटलं नाही, आणि रोशनीला बोलवायला निमित्तही उरलं नाही.