पोटरीचं माप

ती बाई माझ्या खोलीत पहिल्यांदा आली तीच मुळी गळ्यात माप घ्यायची टेप अडकवून. मसाज तिला नव्हे, तिच्या सुनेला हवा होता. सुनेला सातवा महिना, पाय सुजून चपलेत मावत नव्हते, म्हणून डॉक्टरांनी लिम्फ ड्रेनेज मसाज करून बघा असं सुचवलेलं. सासू शिवणकाम करायची. दुकानातून तशीच उठून आली असेल, टेप काढायची राहिली असेल, असं मी आपलं समजून घेतलं. कसलं काय! सून टेबलावर कुशीला वळते न वळते तोच हिने वाकून तिच्या दोन्ही घोट्यांचं आणि पोटऱ्यांचं माप घेतलं आणि वहीत लिहून ठेवलं.

"काकू, हे कशाला?"

"नंतर परत घेणार. फरक पडला की नाही ते कळायला नको?"

सतरा वर्षं मी हे काम करते. यात जोर लावायचा नसतो. आधी जांघेपाशी वाट मोकळी करायची, मग कातडीखाली साचलेलं पाणी मांडीतून, पोटरीतून वर सरकवायचं, आणि हात इतका हलका ठेवायचा की नुसती कातडी हलावी. हे सगळं मी तिला नीट समजावलं. तिने नाक मुरडलं.

"मांजराला कुरवाळल्यासारखं वाटतंय. जरा दाबा की."

त्यानंतर मी समजावण्याच्या भानगडीत पडले नाही. ज्यांच्याकडे अक्कल नसते त्यांच्याकडे टेप असते, असं मी घरी नवऱ्याला सांगितलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

दर मंगळवारी हाच तमाशा. मसाजाच्या आधी माप, नंतर माप, आणि मधला सगळा वेळ कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून माझ्या हातांवर पाळत. "अर्धा सेंटीमीटर," ती शेवटी जाहीर करायची, जणू मीच कुठून तरी चोरून आणलाय तो अर्धा. सून बिचारी लाजेने अर्धी व्हायची. "आई, पुरे ना आता," म्हणायची आणि माझ्याकडे बघून डोळे फिरवायची. मीही फिरवायचे. आमची गट्टी जमली ती सासूच्या जिवावर.

चौथ्या खेपेला त्यांना यायला उशीर झाला, आधीचं माप राहूनच गेलं. सून म्हणाली, "ताई, डावी पोटरी दोन दिवस झाले ठणकतेय."

"ठणकणारच. एवढं ओझं वाहतेयस," मी म्हटलं आणि उजव्या पायाला सुरुवात केली. तो पाय झाला, डाव्याकडे वळले, तेवढ्यात स्टूल करकरलं.

"थांबा." टेप आलीच. "डावी तीन सेंटीमीटरने जास्त भरतेय. मागच्या वेळी दोन्ही सारख्या होत्या."

"उजवीचा मसाज आत्ता झालाय, काकू. ती उतरली म्हणून."

"उजवी मागच्यापेक्षा अर्ध्यानेच उतरलीय. बाकीचे अडीच कुठून आले? तुमचा हात कमी पडतोय, बाई. डावीला नीट दाबा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तुम्ही बाह्या मोजा, पाय माझ्यावर सोडा," मी म्हटलं. आणि दाबायचंच ना, मग घे, अशा त्वेषाने मी डाव्या पोटरीवर अख्खा पंजा टेकवला. सतरा वर्षांत कधी कुणाला तसा हात लावला नव्हता.

पोटरी गरम होती. सून कळवळून पाय ओढून घ्यायला लागली. मी झटकन हात उचलला. एकाच पायाची सूज, तोही गरम आणि दुखरा. अशा पायाला बोटसुद्धा लावायचं नाही, तडक हॉस्पिटल. हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. सुनेने तोंडाने सांगितलं होतं, सासूने मोजून दाखवलं होतं, आणि मी दोघींनाही उडवून लावलं होतं.

मी रिक्षा बोलावली आणि त्यांच्याबरोबर गेले. तपासणीत पायात रक्ताची गुठळी निघाली. "वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले. "या पायाला मसाज झाला असता आणि गुठळी सुटून वर फुप्फुसात गेली असती, तर आई आणि बाळ दोघांचंही काही खरं नव्हतं. कुणाच्या लक्षात आलं?"

"आमच्या ताईंच्या," सून पलंगावरून कौतुकाने म्हणाली. "हात लावल्याबरोबर कळलं त्यांना."

मी सासूकडे बघितलं. आता ही बोलेल, आणि बोलावंच हिने, असं मला मनापासून वाटलं. तिने गळ्यातली टेप काढली, बोटांभोवती गुंडाळली आणि पिशवीत तळाशी कोंबली.

"मी अडाणी, तुमचाच हात कमी पडतोय म्हणत बसले," ती मला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "उगाच तुमच्या कामात लुडबुड केली. माफ करा, बाई."

मला माझी किळस आली. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. डॉक्टर ऐकत होते, सून हसऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे बघत होती.

"असू दे काकू," मी म्हटलं. "होतं असं."