मोतीरामचं स्वच्छ रक्त

मखमलाबादच्या मोतीरामची द्राक्षं परदेशी जायची, त्यामुळे औषधाच्या बाबतीत त्याला कोणी शहाणपण शिकवलेलं चालायचं नाही. तरी गेल्या वर्षी थोरला भाऊ गेणू बागेतच छातीला हात लावून गेला, आणि सरुबाईने नवऱ्याला दंडाला धरून शहरात द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात नेलं. तेव्हापासून तो सकाळी जरा उशिरा उठला तरी तिच्या काळजात धस्स व्हायचं.

चैताली डॉक्टरांनी रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल चांगलंच वाढलेलं निघालं. "रोज रात्री एक गोळी, काका. झटक्याचा धोका कमी होईल, पुरता जाईल असं नाही. काहींचे स्नायू दुखतात, क्वचित लिव्हरला त्रास होतो. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

मोतीरामने त्यातलं दुखण्याचं तेवढं नेमकं ध्यानात ठेवलं. आठवड्यात त्याच्या पोटऱ्या दुखायला लागल्या. दिवसभर द्राक्षांच्या मांडवाखाली उभं राहायचं, वर साठी उलटलेली, पण दोष सगळा गोळीचा. "भावाला झटक्यानं नेलं, मला ही गोळी लोळवणार," तो म्हणायचा. सरुबाई ऐकून घ्यायची आणि गोळी त्याच्या हातावर ठेवायची.

तीन महिन्यांनी रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल होतं तिथंच.

"रोज घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं. "डोस वाढवावा लागेल."

"घेत होतो की. तपासणीच्या आधी तीन आठवडे तेवढी बंद ठेवली. हिला न सांगता खिशात टाकायचो," मोतीराम ऐटीत म्हणाला. "मालाचं सॅम्पल द्यायच्या आधी फवारणी थांबवावीच लागते, मॅडम. औषधाचा अंश निघाला तर अख्खा कंटेनर माघारी येतो. आपण नमुना एकदम स्वच्छ दिलाय."

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला. "काका, आम्हाला औषध चालू असतानाचंच रक्त बघायचं होतं." मग त्यांना काहीतरी सुचलं. "त्या तीन आठवड्यांत पाय दुखायचे थांबले?"

"छे. उलट लय दुखले."

"म्हणजे दुखणं बहुधा गोळीचं नाही. पायांचं वेगळं तपासू."

मोतीराम पोटऱ्या चोळायला लागला. हक्काची तक्रार हातची गेली होती.

"पाय मी रोज चेपून देईन," सरुबाई म्हणाली. "पण सकाळी हाक मारल्यावर तुम्ही ओ दिली नाय, तर मी काय करू? तीन आठवडे मी निवांत झोपले ओ, गोळी तुमच्या पोटात हाय म्हणून."