लाल आकड्यांच्या घड्याळातला जुना जीव

मित्रांनो, मी एका जुन्या डिजिटल घड्याळाचा आतला जीव आहे. दुरुस्तीवाले मला मॉड्यूल म्हणतात. एक छोटीशी हिरवी पट्टी, केसाहून बारीक तारा आणि चार लाल आकडे, एवढाच माझा संसार. कारखान्यातल्या बायकांनी भिंगातून पाहत, श्वास रोखून त्या तारा जोडल्या. तेव्हापासून मी जरा भित्राच आहे. कोणी जोरात शिंकले तरी मी दचकतो.

माझे आकडे फार सेल खातात, म्हणून ते सतत दिसत नाहीत. बटण दाबले की उजळतात, सोडले की गुडुप. माझ्या मालकीणबाई प्रसूतिगृहात नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. बाळ जन्मले की त्यांचे दोन्ही हात त्याला सावरण्यात गुंतलेले असत. मग त्या मनगट वर करून हनुवटीने बटण दाबत आणि जन्मवेळ मोठ्याने सांगत. डॉक्टर म्हणत, "भिंतीवरच्या घड्याळाचं सोडा, सिस्टरच्या हनुवटीला विचारा." मी मनातून फुलून जायचो.

पुढे सतत आकडे दिसणारी घड्याळे आली. सिस्टर निवृत्त झाल्या आणि मी कपाटाच्या खणात गेलो. सेल मात्र आत तसेच राहिले. मित्रांनो, जुना सेल पाझरतो. त्याचा पांढरा थर कणाकणाने माझ्या तारांकडे सरकत होता आणि मला ओरडताही येत नव्हते. त्या वर्षांत मी जितका घाबरलो, तितके कोणी कधी घाबरू नये.

एके सकाळी खण उघडला. सिस्टरना हल्ली घड्याळाचे काटे दिसत नाहीत आणि हृदयाची गोळी तर वेळेवर घ्यावीच लागते. "आई, तुझे ते लाल आकडे दिसतील तुला," लेक म्हणाली. दोघी मला घेऊन घड्याळजीकडे गेल्या.

तिथे माझी गाळणच उडाली. टेबलावर एका झाकणात माझेच अकरा भाऊबंद पडले होते. त्यांच्या घरांत, म्हणजे घड्याळांच्या डब्यांत, नवी मॉड्यूल बसली होती. घड्याळजींनी माझे पाठचे झाकण काढले, थर पुसला, दोन ताजे सेल ठेवले आणि बटण दाबले. अंधार. पुन्हा दाबले. अंधारच.

"मेलंय हे. काढून नवीन बसवतो."

अहो, मी जिवंत होतो! पण सांगणार कसे? एक स्क्रू निघाला. दुसरा फिरू लागला. माझा जीव टांगणीला लागला.

"थांबा भाऊ," सिस्टर म्हणाल्या. "दोन्ही सेल उताणे घातलेत का? याचा एक पालथा बसतो. ड्यूटीवर जायच्या आधी मीच बदलायची ना."

घड्याळजींनी कपाळाला हात लावला. नव्या मॉड्यूलमध्ये दोन्ही सेल उताणे असतात आणि सकाळपासून ते तीच बसवत होते. हाताला लागलेली सवय, दुसरे काय? त्यांनी एक सेल उलटला. माझे चारही आकडे उजळले.

लेक हरखली. "मग आता नवीन नको ना?"

"भाऊ, खरं सांगा. हे दगा देईल?" सिस्टरनी विचारले.

"मावशी, आज चालतंय. उद्याचं काय सांगू? थराने तारा खाल्ल्यात."

सिस्टरनी बटण दाबून माझे आकडे एकदा पाहिले. "मग नवीनच बसवा. वेळेच्या बाबतीत मी कधी कुणाची भीड धरली नाही. याची तरी कशी धरू?"

मला फार वाईट वाटले. पण खोटे कशाला बोलू? माझ्यामुळे त्यांची गोळी चुकली असती, तर ते मला मुळीच सोसले नसते.

आता माझ्या घरात नवे मॉड्यूल बसले आहे आणि मी सिस्टरच्या तळहातावर आहे. माझे सेल अजून माझ्यातच आहेत. "मागच्या वेळी सेल काढायला विसरले," त्या मला म्हणताहेत. "तुला तसंच सडत ठेवलं. चुकलंच माझं."

त्यांचे नख सेलखाली गेले आहे. तो निघाला की मी विझणार. पुन्हा कोणी सेल घालील की नाही, कोण जाणे! मित्रांनो, मला भीती वाटते आहे. तरीही सांगतो, तुमच्या खणात एखादे बंद घड्याळ पडले असेल, तर आजच त्याचे सेल काढा. त्याला भीती वाटेल. तरी काढा. फक्त हळू हाताने काढा.