पेशीमहाराजांचा पडदा

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पांढरा कोट चढवलेले पेशीमहाराज एकेकाच्या दंडावरची कातडी खरवडत, काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत आणि वर कसलासा थेंब टाकत. लगेच भिंतीवरच्या पडद्यावर पेशी धडधडू लागत.

"बघा! कातडीला बाळपण आठवलं! आता सांगू तो अवयव ती होणार. मूत्रपिंड म्हणाल तर मूत्रपिंड, डोळा म्हणाल तर डोळा!"

लोक हात जोडत होते. मागे बसलेल्या विज्ञानाच्या बाईंच्या अंगाचा मात्र तिळपापड होत होता. शेजारी धाकटा भाऊ, तोंड सुजलेलं, धाप लागलेली. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, आणि पठ्ठ्यानं डायलिसिस बंद केलं होतं. का, तर म्हणे रक्त धुतलं की नवी पेशी रुसते!

त्याची पाळी आली. पडद्यावर पेशी धडधडल्या.

"ताई, बघ गं, माझ्याच आहेत!" त्याचे डोळे भरून आले.

बाईंनी पुढे होऊन काचपट्टीला बोट लावलं. काच केसभर सरकली की चित्र उलट्या दिशेला पळतं, हे त्यांच्या वर्गातलं शेंबडं पोरही सांगेल. इथे चित्र जागचं हललं नाही.

"अहो बाई, पेशी बिथरतील!" महाराज ओरडले.

"बिथरू देत की!" बाईंनी काचपट्टी काढून वर धरली. "काच माझ्या हातात. मग पडद्यावर कोण नाचतंय?"

त्यांनी टेबलावरून खाली सोडलेलं कापड ओढलं. आत लॅपटॉप, त्यावर एकच चित्रफीत पुन्हा पुन्हा चाललेली.

"कातडीची पेशी मागे, तिच्या बाळपणात नेता येते, हे खरंय," बाई कडाडल्या. "पण प्रयोगशाळेत, आठवडेच्या आठवडे खपून. नीट जमलं नाही तर तिची गाठही होते. तिच्यापासून अख्खं मूत्रपिंड करून अजून कुणाला बसवलेलं नाही. खऱ्या शोधाच्या नावावर माणसं मारतोस, मेल्या?"

"एवढी एकच आशा होती गं, ताई," भाऊ पुटपुटला.

"आशा ठेव ना. पण जिवंत राहून ठेव. ऊठ, आधी डायलिसिसला चल." मग त्या गर्दीकडे वळल्या. "फसलात यात लाज नाही. पण विचारायला शिका. पुरावा मागितला की जो चिडतो, त्याच्या हाती जीव देऊ नका."

कोपऱ्यातले एक आजोबा चाचरत उभे राहिले. "बाई, यानं माझ्या नातीचं इन्सुलिन बंद करायला लावलंय. सकाळपासून ती उठलीच नाही."

"मग इथे बसलात काय? पळा!"