सुपलीची साक्ष

मित्रांनो, मी तारोडीतली एक जुनी सुपली आहे. बुरुडानं विणलेली, शेणानं सारवलेली, कडा दोनदा बांधलेली. पाखडणं हा माझा धंदा. धान्याचं बरं असतं, हलकं ते उडून जातं. माणसांत हलकं तेच ठाण मांडून बसतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझा धनी दाजी. त्याची भाची निशिगंधा मीरा रोडला बेव्हर्ली पार्कात राहायची, शेतकी कॉलेजात शिकायची. आमचा खाऱ्या जमिनीतला तांबडा भात आणि लांबून आणलेला एक वाण, यांचा तिनं संकर केला. ते बी मामाच्या खाचरात लावायला दिलं. पेरलं दाजीच्या सुनेनं, दुर्गानं. लग्नाला सात वर्षं होऊन तिला मूल नव्हतं.

रोपं कमरेच्या वर गेली. गाव बघायला आलं. कापणीनंतर दुर्गानं मला हलवलं, तर निम्म्याहून जास्त भात वाऱ्यावर गेला. नुसती पळींज, आत दाणाच नाही.

"मी सांगितला व्हता," सासू सुगंधा म्हणाली. "वांझेचा हात लागला. पुढच्या साली बियाला हात लावाचा न्हाय."

दुर्गा मान खाली घालून उभी राहिली. दाजी गप्प. आमच्याकडे त्याला शहाणपण म्हणतात.

रविवारी निशिगंधा आली. सगळं ऐकून तिनं शेजारच्या दोन वाफ्यांतला भात मागवला. एकात तांबडा, दुसऱ्यात तो लांबचा वाण.

"मामी, हे कुणी पेरलेत?"

"हिनंच," सुगंधा पुटपुटली.

"मग पाखड गं, दुर्गावहिनी."

दोन्ही भात माझ्यात धप्पकन बसले. पळींज निघाली ती चिमूटभर.

"हात तोच, भात भरलेला," निशिगंधा म्हणाली. "दोन्ही वाणांची जनुकं आपापल्या घरी गुणी. एका रोपात आली की त्यातल्या काहींचं जमत नाही. मग परागकण आणि बीजांडं तयार होतानाच मरतात. रोप धिप्पाड, दाणा पोकळ. पण थोडे भरलेत ना? त्यांच्या रोपांवर पुन्हा तांबड्याचे पराग घालू. दोन-चार पिढ्यांत कणसं भरू लागतील."

"म्हंजे दोगंव चांगली, पन पटत न्हाय," दाजी म्हणाला. "आपलाच घर की."

"तुमी गप ऱ्हा," सुगंधा म्हणाली. कितीतरी दिवसांनी दुर्गा हसली.

मग सुगंधानं मला जवळ ओढलं, भरलेले दाणे वेचले आणि दुर्गाच्या पदरात टाकले. "तूच पेर. माजे डोळं आता कामाचं न्हाय." आमच्या गावात माफी अशीच मागतात.

मित्रांनो, आता मी माळ्यावर असते. कड सुटली तर बांधा, टाकू नका. आणि कुणावर दोष ठेवायची घाई झालीच, तर आधी मला खाली काढा.